एका बोटाचा संगणक

संगणकावर भारतीय भाषा लिहिता याव्यात म्हणून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरवला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत तो आजही असतो. त्याची आखणी शिस्तीची आहे. एक अक्षर नुसती कळ दाबून येतं आणि त्याच कळेवरचं दुसरं अक्षर शिफ्ट धरून. 'क' नुसता, 'ख' शिफ्टने. 'ब' नुसता, 'भ' शिफ्टने. 'ल' नुसता, 'ळ' शिफ्टने. काना, मात्रा, वेलांट्या नुसत्या कळेने येतात. आ, इ, ई हे सुटे स्वर मात्र शिफ्टने. त्यामुळे या कळफलकावर 'आई' लिहायचं तर शिफ्ट धरून इंग्रजी 'ई'ची कळ दाबायची, आणि पुन्हा शिफ्ट धरून 'आर'ची.

दोन्ही हात धड असलेल्या माणसाला यात काहीच वाटत नाही. एका हाताची करंगळी शिफ्टवर जाते, दुसरा हात अक्षर उमटवतो. पण सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचं एकच बोट ताब्यात आहे, किंवा मानेच्या मणक्याला मार बसल्यामुळे जो तोंडात काडी धरून कळा दाबतो, त्याने काय करायचं? काडी एका वेळी एकाच कळेवर टेकते. अशा माणसाला 'कमल' लिहिता येईल, 'आई' लिहिता येणार नाही. 'शाळा' नाही, 'भाषा' नाही, 'घर'सुद्धा नाही.

यावरचा उपाय विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात आहे. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबा. आवाज होऊन एक चौकट उघडते आणि 'स्टिकी कीज' सुरू करायच्या का, असं विचारते. ही चौकट पुष्कळांनी पाहिलेली असते. गेम खेळताना ती मध्येच येते म्हणून मुलं ती कायमची बंदही करून टाकतात. तिला 'हो' म्हटलं की शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळा धरून ठेवाव्या लागत नाहीत. एकदा दाबून सोडलेली शिफ्ट पुढची कळ येईपर्यंत दाबलेलीच आहे, असं संगणक धरून चालतो. लागोपाठ दोनदा दाबली तर ती अडकून राहते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते. शिफ्ट, मग 'ई'. शिफ्ट, मग 'आर'. एका बोटाने 'आई' लिहून होते.

पडद्यावर माऊसने जे जे करता येतं, ते सगळं नुसत्या कळफलकानेही करता आलं पाहिजे, हे तत्त्व संगणकाच्या जगात 'कीबोर्ड ॲक्सेसिबिलिटी' म्हणून ओळखलं जातं. ऐकायला हा तांत्रिक बारकावा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. अपंगत्वाचे प्रकार कितीही वेगळे असोत, संगणकाकडे जाणाऱ्या त्यांच्या बहुतेक वाटा कळफलकाशी येऊन मिळतात. अंध माणसाला पडद्यावर सरकणारा बाण दिसत नाही, म्हणून तो कळा वापरतो. कंपवात झालेल्या हाताला तो बाण बारीकशा चौकोनावर थांबवता येत नाही, म्हणून तोही कळाच वापरतो. डोक्याच्या हालचालीवर किंवा फुंकरीवर चालणारा स्विच असो, की ब्रेल डिस्प्ले, ही साधनंही पुष्कळदा संगणकाला 'अमुक कळ दाबली गेली' असाच निरोप देतात. कळफलकाची वाट एका जागी अडली की ही सगळी माणसं एकदम बाहेर राहतात.

विस्कॉन्सिनमधली सुरुवात

या सोयींचा उगम मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात ग्रेग व्हँडरहायडन नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा लाकडी फळीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून बोलतो, हे त्याला कळलं. या मुलासाठी काहीतरी करावं म्हणून विद्यार्थ्यांच्या एका गटाने बोट टेकवलेलं अक्षर ओळखणारी फळी बनवली. या कामातून ट्रेस सेंटर उभं राहिलं. अपंग माणसांसाठी संगणक कसा घडवावा, याचा विचार करणाऱ्या जगातल्या जुन्या संस्थांपैकी ही एक. आता ती मेरीलँड विद्यापीठात आहे.

ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले तेव्हा प्रश्नाचं रूप बदललं. वेगळं यंत्र देऊन भागेना. अपंग विद्यार्थ्याला वर्गातल्या इतरांसारखाच संगणक आणि तेच प्रोग्राम वापरायचे होते. मग ट्रेसच्या मंडळींनी या सोयी संगणकाच्या मूळ प्रणालीतच बसवायचा आग्रह धरला. ॲपलने १९८७ साली मॅकिंटॉशमध्ये स्टिकी कीज आणि माऊस कीज दिल्या. आयबीएमच्या डॉससाठी 'ॲक्सेस डॉस' निघालं आणि सुरुवातीच्या विंडोजसाठी वेगळं 'ॲक्सेस पॅक'. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये तर हा सगळा संच आतच होता. युनिक्सच्या एक्स विंडो प्रणालीत तो 'ॲक्सेस-एक्स' या नावाने शिरला आणि तिथून लिनक्समध्ये आला.

या संचातली एकेक सोय पाहिली की तिच्यामागे कुणाचा तरी विशिष्ट हात दिसू लागतो. 'स्लो कीज' म्हणजे कळ ठरावीक वेळ दाबून धरली तरच ती मोजायची. हव्या त्या कळेपर्यंत जाताना ज्याचं बोट वाटेतल्या चार कळांना घासून जातं, त्याच्यासाठी ही. 'बाउन्स कीज' म्हणजे तीच कळ लगेच पुन्हा दाबली गेली तर दुसरा दाब सोडून द्यायचा. थरथरत्या हाताने 'म'ऐवजी 'ममम' उमटतं, त्यावर हा इलाज. 'टॉगल कीज' कॅप्स लॉक चालू-बंद झाल्याचा आवाज देतात, कारण अंध माणसाला कळफलकावरचा दिवा दिसत नाही. 'माऊस कीज' उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनाच माऊस बनवतात: आठने बाण वर, दोनने खाली, चारने डावीकडे, सहाने उजवीकडे, पाच म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक, शून्य दाबलं की वस्तू पकडली आणि टिंब दाबलं की सोडली.

मला यातला सर्वांत शहाणा विचार वाटतो तो या सोयी सुरू करण्याच्या पद्धतीतला. शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की स्लो आणि बाउन्स कीज ज्यात मोडतात त्या फिल्टर कीज. नम लॉक पाच सेकंद धरलं की टॉगल कीज. ज्याला माऊस वापरता येत नाही त्याला माऊसशिवाय चालायची सोय माऊसनेच शोधायला लावली, तर ती सोय कसली? आखणाऱ्यांनी हे ओळखलं आणि दारावरची कडी त्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली बसवली.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीटची गोष्ट याच्याशी जोडून पाहण्यासारखी आहे. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या पीसीवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने हा जोड तयार केला. संगणक चुकून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम एकमेकांपासून लांबच्या कळा निवडल्या. दोन हात लागावेत, हाच हेतू. पुढे विंडोज एनटीमध्ये हाच जोड संगणकात प्रवेश करायची पहिली पायरी झाला. कितीतरी कचेऱ्यांत सकाळी कामाला बसताना या तीन कळा एकदम दाबाव्या लागत. स्टिकी कीज या पायरीवर, म्हणजे पासवर्ड टाकण्याआधीही सुरू करता येतात. नाहीतर एका बोटाच्या कर्मचाऱ्याला रोज सकाळी शेजाऱ्याला हाक मारावी लागली असती.

बाण नसलेला कळफलक

माऊस लोकप्रिय झाला तो १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे. त्या पहिल्या मॅकच्या कळफलकावर वर-खाली-डावी-उजवीकडे नेणाऱ्या बाणाच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माऊसच वापरावा, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही माऊस गृहीत धरूनच लिहावं, म्हणून त्या मुद्दाम गाळल्या होत्या. पुढच्या कळफलकांत त्या परत आल्या. आयबीएमने याच्या उलट टोक गाठलं. १९८७ च्या 'कॉमन यूजर ॲक्सेस' या नियमावलीत प्रत्येक क्रिया कळफलकानेही करता यावी अशी रचना होती. एफ-वन म्हणजे मदत, ऑल्ट दाबलं की वरची मेन्यूची पट्टी जागी होते, ऑल्ट-एफ-फोर म्हणजे खिडकी बंद, ही विंडोजची वळणं तिथली आहेत.

अंध लोकांसाठी हा काळ खडतर होता. डॉसच्या जमान्यात पडद्यावर नुसती अक्षरं असत. ती वाचून दाखवणारे प्रोग्राम लिहिणं तुलनेने सोपं होतं. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी ऐंशीच्या दशकात असाच एक प्रोग्राम केला आणि त्याला 'स्क्रीन रीडर' म्हटलं. अनेक अंध माणसं संगणकावर नोकऱ्या करू लागली होती. मग चित्रांच्या खिडक्या आल्या. पडद्यावर अक्षर राहिलं नाही, अक्षराचं चित्र आलं. चित्र वाचता येईना, आणि बाण दिसत नसल्याने ते माऊसने चाचपताही येईना. हातची नोकरी जायची वेळ आली.

या पेचातून वाट काढणाऱ्यांत टेड हेन्टर हे नाव पहिल्या रांगेत येतं. मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घेणारा हा इंजिनिअर १९७८ साली एका अपघातात दृष्टी गमावून बसला. त्याच्या कंपनीने १९८९ साली डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर काढला आणि १९९५ साली विंडोजसाठी. जॉज चांगला, पण महाग. २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. एनव्हीडीए फुकट आहे, त्याचं अंतरंग सगळ्यांसाठी खुलं आहे आणि तो मराठीही वाचतो. आपल्याकडच्या अंध विद्यार्थ्यांना यामुळे किती मोठं दार उघडलं, हे वेगळं सांगायला नको.

मिळालेली सोय टिकेलच असं मात्र नाही. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती काढली तेव्हा आधीच्या आवृत्तीत चालणाऱ्या सोयी तिच्यात चालेनात. अंध वापरकर्त्यांनी जोरदार तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत सुधारून ४.०१ काढावी लागली. लिनक्सचं जग सध्या जुन्या एक्स विंडोकडून वेलँड नावाच्या नव्या पायाकडे सरकतं आहे. पाया बदलताच तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या स्टिकी कीज, स्लो कीज, स्क्रीन रीडरच्या कळा हे सगळं नव्याने लिहावं लागलं. घर पुन्हा बांधताना उतार राहून जातो आणि पायऱ्या मात्र नेमक्या होतात, तसं इथे दर पिढीत होतं. कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

पुण्याचा रामन

या इतिहासात पुण्याचा एक माणूस आहे आणि त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी ओळख नाही. टी. व्ही. रामन पुण्यात जन्मले, पुण्यातच वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुस्तकं दुसऱ्यांकडून वाचून घेत त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित केलं, नंतर मुंबईच्या आयआयटीत गणित आणि संगणकशास्त्र. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी गणितातल्या वक्ररेषा ऐकून समजाव्यात असा प्रोग्राम केला. रेषा वर चढली की तिचा चढ कानाला कळावा, अशी ती कल्पना.

पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी पीएचडी मिळवली. गुंतागुंतीची गणिती सूत्रं आवाजातून नेमकी कशी मांडायची, हा विषय. या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या एसीएम या संस्थेचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली त्यांनी 'ईमॅक्सस्पीक' खुला केला. ईमॅक्स हा संपूर्णपणे कळफलकावर चालणारा जुना संपादक. त्यात पत्रं लिहिता येतात, मेल वाचता येते, प्रोग्राम लिहिता येतात आणि माऊसला हातही लावावा लागत नाही. रामन यांनी त्याला नुसता आवाज दिला नाही. नेहमीचा स्क्रीन रीडर पडद्यावर काय दिसतं ते वाचतो. ईमॅक्सस्पीकला मात्र ईमॅक्समधल्या माहितीचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून कॅलेंडरमध्ये तो नुसता 'चार' म्हणत नाही, पूर्ण तारीख वारासकट सांगतो. तीस वर्षं ते या प्रोग्रामवर काम करत आहेत. २००५ पासून ते गूगलमध्ये आहेत.

रामन यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतो. कळफलकाची वाट ही डोळस माणसाच्या वाटेची कमअस्सल नक्कल असायचं कारण नाही. नीट आखली तर ती अधिक वेगवान असते.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सरावलेल्या दृष्टिहीन माणसाशेजारी बसावं. माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन शिक्षक रोज सकाळी लॅपटॉपवर बातम्या ऐकतात. आवाजाची गती इतकी की माझ्यासारख्याला शब्द सुटे करता येत नाहीत. 'एच' दाबलं की पुढचा मथळा, 'के' दाबलं की पुढची लिंक, 'टी' म्हणजे पुढचा तक्ता, 'एफ' म्हणजे अर्जातला पुढचा रकाना. मी एका बातमीचा मथळा डोळ्यांनी शोधत असतो, तोवर ते पाच-सहा मथळे ओलांडून हव्या त्या बातमीत शिरलेले असतात. हे अर्थात पान नीट लिहिलेलं असेल तर. मथळा नुसता ठळक अक्षरांत रंगवलेला असेल आणि 'हा मथळा आहे' असं आतून सांगितलेलं नसेल, तर 'एच' दाबून काही हाती लागत नाही.

अर्ज कुठे अडतो

या शिक्षकांसोबत मी एका कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरून पाहिला. माऊस बाजूला ठेवला आणि टॅब दाबत गेलो. टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जाता येतं, शिफ्ट-टॅबने मागे येता येतं. नाव, पत्ता ठीक झाले. जन्मतारखेच्या रकान्यात टाइप करायला बंदी होती. कॅलेंडर उघडून त्यात माऊसने क्लिक करायचं होतं, आणि ते कॅलेंडर कळांना दाद देत नव्हतं. जिल्ह्याच्या यादीत शिरलो तर टॅब तिथेच घुटमळू लागला, बाहेर पडेना. पुढे कुठल्या रकान्यात आहोत हेच डोळ्यांना कळेना, कारण निवडलेल्या रकान्याभोवतीची निळी चौकट काढून टाकलेली होती. शेवटचं 'सादर करा' दिसत होतं, पण टॅब त्याच्यावरून उडी मारून पानाच्या तळाशी जात होता. ते बटन नव्हतंच. बटनासारखा रंगवलेला चौकोन होता, फक्त क्लिक ओळखणारा. स्क्रीन रीडरने त्याला नुसता मजकूर म्हणून वाचलं. शिक्षकांना याचं आश्चर्य वाटलं नाही. असे अर्ज ते पुतण्याकडून भरून घेतात, म्हणजे आपली जन्मतारीख, खातं, पासवर्ड हे सगळं दुसऱ्याच्या हवाली करतात.

यातली एकही गोष्ट दुरुस्त करायला अवघड नाही. वेबपानाच्या भाषेत खरंखुरं बटन कधीपासूनच आहे. ते वापरलं की टॅब तिथे थांबतो, एन्टर आणि स्पेसबार दोन्हींनी ते दाबलं जातं, स्क्रीन रीडर 'बटन' असं म्हणतो. हे सगळं ब्राउझर आपण होऊन करतो. रंगवलेल्या चौकोनाला हेच शिकवायला उलट जास्त ओळी लिहाव्या लागतात. निळी चौकट कुणीतरी डोळ्यांना खुपते म्हणून एका ओळीत घालवलेली असते. ती ओळ काढली की चौकट परत येते. तारखेच्या रकान्यात टाइप करू द्यायचं, एवढंच. पडद्यावर जागा बदलणारे आकडे दाखवून माऊसनेच पासवर्ड टाकायला लावणारे पडदे आणि नुसत्या चित्रातला कॅप्चा, यांना बोलणारा किंवा दुसरा पर्याय देता येतो.

नियमही कधीचे ठरलेले आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे तिन्ही मुद्दे स्पष्ट आहेत: सगळं काम कळफलकाने व्हावं, कळफलक कुठे अडकून पडू नये, आणि आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसावं. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत आणि भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आता आहे.

हक्काची बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. माहिती आणि तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत, त्यांतल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात.

कायद्याला धार आली ती अलीकडच्या दोन निकालांनी. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की, सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना 'डोळे मिचकावा' म्हणणारी ऑनलाइन केवायसी करता येत नव्हती. अंध व्यक्तींनाही ती प्रक्रिया एकट्याने पार पाडता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले.

आता उरतं ते अंमलबजावणीचं काम, आणि ते निविदेच्या टेबलावर होतं. नगरपालिका, विद्यापीठ, सहकारी बँक यांची संकेतस्थळं बहुधा ठेकेदार करून देतात. पान देखणं आहे का, मोबाइलवर उघडतं का, हे पाहून बिल मंजूर होतं. त्या निविदेत एक अट घालावी: संपूर्ण अर्ज माऊसशिवाय भरून दाखवला जाईल तेव्हाच काम पुरं झालं असं धरलं जाईल. तपासायला तज्ज्ञ लागत नाही. माऊसची वायर काढायची आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एन्टर, स्पेसबार आणि बाणाच्या कळा एवढ्यांवर पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत जायचं. जमलं तर मंजूर, अडलं तर परत. त्यानंतर एका स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन तोच अर्ज तपासून घ्यायचा, कारण तिला जे ऐकू येतं ते आपल्याला दिसत नाही.

संगणक शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गातही हे यायला हवं. मुलांना पहिल्या दिवशी माऊस धरायला शिकवतात तसंच टॅबने पान ओलांडायला शिकवावं. यातली काही मुलं उद्या हेच अर्ज लिहिणार आहेत. स्टिकी कीजची चौकट गेममध्ये का येते, हे त्यांना ठाऊक असलं तर खरं बटन आणि रंगवलेला चौकोन यांतला फरक त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

कळफलकाची वाट अपंगांसाठी वेगळी बांधायची नाही. ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांनी ती चाळीस वर्षांपासून घराच्या आतपर्यंत आणून ठेवली आहे. ती मध्येच बंद करायचं काम आपल्याकडचे अर्ज आणि प्रोग्राम करत आहेत आणि त्या अर्जांवर सही करणारे अधिकारी आपलेच आहेत. त्यांच्याकडे ही अट मागणं हे आता कुणाच्या दयेवर अवलंबून राहिलेलं नाही. कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, तपासणी कुणालाही करता येते. तेव्हा ती मागावी आणि अट पुरी होईपर्यंत बिल अडवून धरावं.